ब्रेक ऑइलची बाटली

जानेवारी २००६ मधल्या एका आठवड्यात मी तीन वेळा ब्रेक ऑइलची बाटली आणायला गेलो होतो. तिसरीत होतो. शिरूर अनंतपाळच्या बसस्टँडजवळ स्पेअर पार्टचं एक अरुंद दुकान होतं. फॅनबेल्ट, ट्यूबा आणि देवीचा फोटो, सगळं एकाच भिंतीला टांगलेलं. तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "आरं, तुझ्या चुलत्याची गाडी ब्रेक ऑइल पिऊलाली का काय?"

मला तो विनोद फार आवडला. घरी येऊन आप्पांना सांगितला, तेही हसले. मग त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सरकवला, मास्टर सिलिंडरचं बूच काढलं आणि मी बाटली तिरकी धरली. सांडू न देता ओतायची म्हणजे मोठं जबाबदारीचं काम होतं.

आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. त्यांची जीप शिरूर ते निलंगा काळी-पिवळी म्हणून चालायची. जीप १९८०च्या दशकातली, आप्पांकडे येईपर्यंत तिचे तीन मालक झाले होते. त्या आठवड्यात उजेडची यात्रा होती. तालुक्याबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, की आमच्या उजेड गावात दर जानेवारीत भरणारी यात्रा कुठल्या देवाची नाही, महात्मा गांधींची आहे. गांधीबाबांची यात्रा म्हणतात. काळी-पिवळीवाल्यांच्या दृष्टीने ते वर्षाच्या कमाईचे चार-पाच दिवस. आणि नेमका तेव्हाच मागच्या उजव्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप ओलावला होता. मिस्त्री म्हणाला होता, पाइप बदला. पाइप लातूरहून आणायचा म्हणजे एक दिवस गाडी उभी. आप्पा म्हणाले, यात्रा होऊ दे.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्याकडे एखादी सिस्टीम रात्री कोसळली की दुसऱ्या दिवशी बैठक बसते आणि त्या बैठकीत 'सर्व्हर पडला' हे कारण म्हणून लिहिलेलं चालत नाही. ते कारण नव्हे, ती नुसती घटना. का पडला, आधी काय दिसत होतं, कोणी पाहिलं होतं, हे लिहावं लागतं. 'ब्रेक फेल झाला' हे वाक्य आमच्या घरात मी पुढची दहा-बारा वर्षं ऐकलं. त्या वाक्याचं काय करायचं हे न कळून मी ब्रेकच्या इतिहासात शिरलो. इंजिनिअरिंगची पदवी असली तरी ब्रेक मी कधी नीट शिकलो नव्हतो, म्हणून सुरुवात पाइपापासूनच केली.

पायाने दाबलेल्या पायडलचा जोर चार चाकांपर्यंत न्यायचा कसा, हा मोटारींच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांतला मोठा प्रश्न होता. आधी तो जोर लोखंडी सळ्यांनी आणि केबलींनी नेला जायचा. चारही केबलींचा ताण कधीच सारखा राहायचा नाही, त्यामुळे ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढली जायची. अमेरिकेत माल्कम लॉकहीड नावाच्या माणसाने यावर द्रवाचा उपाय काढला. हे आणि विमानांच्या कंपनीवाले लॉकहीड एकच. विमानं त्याच्या भावाने पुढे नेली, ब्रेक याने. द्रव दाबून लहान होत नाही आणि बंद नळीत दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलचं शाळेतलं तत्त्व. पायाखाली एक मास्टर सिलिंडर, प्रत्येक चाकात एक व्हील सिलिंडर, मध्ये बारीक नळ्या. १९२१च्या ड्युझेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले. पुढे क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी चामड्याच्या गळक्या वायसरांच्या जागी रबराचे कप बसवले आणि १९२४च्या क्रायस्लर गाडीपासून ही पद्धत सर्वसामान्य मोटारींत रुळायला लागली.

नळ्यांतला तो द्रव सुरुवातीला काय होता, हे वाचून मी खुर्चीत मागे टेकलो होतो. एरंडेल. एरंडेल तेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि खराब होतं, एरंडेलाने होत नाही, म्हणून. ज्या एरंडेलासाठी आजी आमचं नाक दाबून धरायची, त्याच्या जोरावर डेट्रॉइटच्या मोटारी थांबत होत्या. आज बाटलीत ग्लायकॉलची रसायनं असतात. तरी रबराचा नियम तोच राहिला आहे. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतलं की कप फुगतात, आणि 'तेल ते तेल' समजून ते ओतणारे आजही भेटतात.

या सगळ्यात हेन्री फोर्डची कंपनी मात्र १९३९पर्यंत अडून बसली होती. तिच्या गाड्यांना तोवर सळ्या आणि केबलीच होत्या. याची नंतर खूप टवाळी झाली, पण मला त्यात तथ्य दिसतं. केबल तुटली तर एका चाकाचा ब्रेक जातो, बाकीचे राहतात. द्रवाच्या ब्रेकमध्ये चारही चाकं एकाच मास्टर सिलिंडरला जोडलेली असतील तर एक नळी फुटली की सगळं गेलं. पायडल दाबलं की द्रव वाट मिळेल तिकडे जातो, आणि फुटलेल्या भोकाइतकी सोपी वाट दुसरी नसते. दाब तयारच होत नाही. पाय फळीला टेकतो. आमच्या भाषेत याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात आणि तो शोधून काढण्यासाठी आम्हाला पगार मिळतो.

मला वाटलं होतं की त्या काळात हे कोणाच्या लक्षात आलं नसेल. पण रेल्वेचा इतिहास वाचला आणि तो समज गेला.

जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली रेल्वेसाठी हवेचा ब्रेक काढला, तेव्हा त्यातही हाच दोष होता. इंजिनातून नळीने हवा डब्यांकडे पाठवायची, तिच्या दाबाने ब्रेक लागायचा. मधली नळी सुटली तर मागच्या डब्यांना ब्रेकच नाही. तीन वर्षांत त्याने सगळी कल्पना उलटी केली. १८७२ पासूनच्या त्याच्या ब्रेकमध्ये नळीत दाब कायम भरलेला असतो आणि तो दाब आहे तोवर ब्रेक मोकळा राहतो. नळी फुटली, डबे सुटले, काहीही झालं आणि दाब गेला, की प्रत्येक डबा आपल्याजवळच्या टाकीतल्या हवेने स्वतःचा ब्रेक लावून घेतो. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबते. एवढी एक गोष्ट. माझ्या मते यंत्रांच्या इतिहासात यापेक्षा शहाणा विचार फार थोड्या वेळा झाला असेल.

तरी तो सगळीकडे पोचायला माणसं मरावी लागली. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ मुलांची सहल घेऊन निघालेली एक गाडी चढावर दमून थांबली. कर्मचाऱ्यांनी ठरवलं, मागचे डबे इथेच सोडून उरलेले पुढे नेऊन ठेवायचे. त्या गाडीचा ब्रेक साध्या व्हॅक्यूमचा होता, डबे सुटले की ब्रेक जाणारा. म्हणून सोडलेल्या डब्यांच्या चाकांखाली दगड लावले. पुढचा भाग निघताना थोडा मागे सरकला, धक्का बसला, दगडांचा भुगा झाला आणि डबे उतारावरून मागून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

चाकाखालचा दगड. आमच्याकडे त्याला उटी म्हणतात. बैलगाडी चढावर थांबली की गाडीवान पहिली उटी शोधतो, आणि एसटीचा किंवा ट्रकचा क्लीनरसुद्धा तेच करतो. आर्माचा वृत्तांत वाचताना मला ते दगड डोळ्यांसमोर दिसत होते.

महाराष्ट्रात हा विचार अनोळखी नव्हता. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. तिथे उतरणाऱ्या गाडीवर विश्वास ठेवायचाच नाही, असं बांधणाऱ्यांनी ठरवलं होतं. घाटात ठरावीक जागी चढावर जाणाऱ्या आडवाटा काढल्या आहेत, त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. रूळ नेहमी त्या आडवाटेकडे वळवलेले असतात. गाडी तिथे येऊन पूर्ण थांबली, म्हणजे तिचे ब्रेक चालतात हे सिद्ध झालं, की मगच सरळ वाट उघडते. जी थांबणार नाही ती आडवाटेने चढावर जाऊन आपोआप दमेल. पुण्याहून मुंबईला जाताना घाटात गाडी उगाच थांबल्यासारखी वाटते आणि लोक चहावाल्याला शोधायला लागतात. ती थांबलेली नसते, परीक्षा देत असते.

म्हणजे आप्पांची जीप बनण्याच्या शंभर वर्षं आधी, दाब गेला तर ब्रेक लागला पाहिजे हे माहीत होतं. रस्त्यावरच्या मोठ्या वाहनांत ते आलंही. हवेचे ब्रेक असलेल्या आजच्या बस आणि ट्रकच्या मागच्या चाकांना जोरकस स्प्रिंग असते, हवा तिला दाबून धरते, हवा संपली की स्प्रिंग ब्रेक आवळते. लहान वाहनांत तेवढंही नाही, पण निदान अर्धी तोड निघाली. मास्टर सिलिंडरचे दोन भाग करायचे, प्रत्येकाकडे दोन चाकं द्यायची. एक नळी फुटली तरी दोन चाकं थांबतात. अमेरिकेत १९६२ साली कॅडिलॅकने आणि अमेरिकन मोटर्सने हे आणलं आणि १९६७च्या गाड्यांपासून ते तिथे सगळीकडे झालं. ज्या विलीज जीपवरून आपल्याकडच्या जीपा आल्या, ती त्याच्या आधीची, दुसऱ्या महायुद्धातली. तिला एकच मास्टर सिलिंडर, तोही ड्रायव्हरच्या पायाखाली. युद्धात जीपचं आयुष्य काही महिन्यांचं धरलेलं असे. तिचा पाइप गंजायला वेळच मिळत नसावा.

आमच्याकडे तिला भरपूर वेळ मिळाला. निलंगा, उदगीरचा आमचा पट्टा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बस घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली, तीही सरकारी. मुंबई राज्यात एसटीची पहिली बस पुण्याहून नगरला गेली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे या बाबतीत मागास म्हणवणारा मराठवाडा सोळा वर्षं पुढे होता. (हे पुण्यातल्या मित्रांना सांगताना मला विशेष आनंद होतो.) पण बस मोठ्या रस्त्याने जाते आणि गाव आत असतं. दिवसातून दोन फेऱ्या, त्यातली एक रद्द. ती मधली जागा जीपने भरली. नवी जीप कोणी घेत नसे. कारखान्यात, सरकारी खात्यात, बागायतदाराकडे वापरून झालेली गाडी पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, शहरातून तालुक्याला, तालुक्यातून खेड्याला येत असे. आपल्याकडे वाहन म्हातारं होत जातं तसं गरीब माणसाकडे जातं, आणि म्हातारपणात त्याला खर्च जास्त लागतो.

त्या म्हातारपणात पाइपाचं काय होतं, ते सांगतो. ब्रेकची नळी बहुधा पोलादी असते, पेन्सिलीपेक्षा बारीक. मागच्या अक्षावर ती पट्ट्यांनी बांधलेली असते. पट्टी आणि नळी यांच्या फटीत चिखल बसतो. आमच्या काळ्या मातीचा चिखल बाहेरून वाळला तरी आत ओल धरून राहतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. गंज तिथून सुरू होतो. दुसरा गंज आतून. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, तो त्याचा स्वभावच आहे. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की हा आकडा १४० अंशांवर येतो. घाट उतरताना ड्रम तापले, ऑइल उकळलं, नळीत वाफ झाली, की वाफ दाबली जाते आणि पायडल नुसतं खाली जातं. पाइप शाबूत असूनही ब्रेक नाही. म्हणून ऑइल दर दोनेक वर्षांनी पूर्ण बदलायचं असतं. आमच्याकडे ते बदलत नसत, वरून भरत असत.

आणि गळणाऱ्या पाइपावर आमच्याकडे एक खास इलाज होता. त्या चाकाकडे जाणारी नळी पकडीने चेपायची, वाकवून पुन्हा चेपायची. झालं, गळती बंद. गाडी तीन चाकांच्या ब्रेकवर चालते. मी हा इलाज लहानपणी इतक्या गाड्यांवर पाहिला आहे की चारही ब्रेक असणं ही मला चैन वाटायची. आप्पांनी तो केला नाही, कारण त्यांच्या मते तो धोक्याचा होता. ते ऑइल भरत राहिले.

यात्रेचा तिसरा दिवस होता. संध्याकाळची खेप, जीपमध्ये माणसं नेहमीइतकी, म्हणजे किती ते सांगण्यात अर्थ नाही. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं. ओढ्याच्या पुलाकडे एक लांब उतार आहे, पुढे एक बैलगाडी चालली होती. आप्पांनी पाय ठेवला आणि पायडल फळीला जाऊन टेकलं. दोन-तीनदा पंप मारला, तरी तेच. त्या जीपचा हँडब्रेक ऑइलवर चालत नाही. गिअरबॉक्सच्या मागे त्याचा वेगळा ड्रम असतो, तारेने ओढला जाणारा. म्हणजे जुन्या काळातली ती केबल, फोर्डने धरून ठेवलेली, जीपमध्ये शिल्लक होती. पण हँडब्रेकचा दांडा शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्याला लागतो, म्हणून आप्पांनी तो कधीच काढून ठेवला होता. दांड्याच्या जागी एक माणूस बसायचा, निलंग्यापर्यंतचं भाडं देऊन.

गिअर खाली टाकायचा प्रयत्न झाला, तो पडला नाही. समोरून ट्रक येत होता. आप्पांनी जीप बैलगाडीवर घातली.

जीपमधल्या कोणाला मोठी दुखापत झाली नाही. एक बैल तिथेच गेला. गाडीवानाचा पाय चाकाखाली आला आणि पुढे लातूरला तो गुडघ्याखाली काढावा लागला. ते शेजारच्या गावचे, आमच्या आजोबांच्या ओळखीचे. दीड एकर कोरडवाहू आणि ती बैलजोडी, एवढ्यावर त्यांचं घर होतं. उरलेला बैल त्यांनी त्याच उन्हाळ्यात विकला, एका बैलाचं काय करणार?

पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, भरपाईचा दावा लागला. जीपचं पासिंग सात महिन्यांपूर्वी झालं होतं, विम्याची मुदत मात्र दोन महिन्यांपूर्वी संपलेली. दाव्याच्या उत्तरात आमच्या वकिलांनी लिहिलं, 'अचानक ब्रेक निकामी झाल्याने'. तो कागद आमच्या घरी लोखंडी पेटीत आहे. मी तो पंचवीस वर्षांचा असताना पहिल्यांदा वाचला आणि त्यातल्या 'अचानक' या शब्दावर अडलो.

तो शब्द न्यायालयांना नवा नव्हता. इंग्लंडमध्ये हेंडरसन विरुद्ध जेंकिन्स नावाचा खटला १९६९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता. उतारावर एका लॉरीचे ब्रेक गेले आणि एक माणूस चिरडला. तपासणीत दिसलं, ब्रेकचा पाइप गंजून त्याला भोक पडलं होतं. लॉरी पाच वर्षांची, दीड लाख मैल चाललेली. मालकांचं म्हणणं असं की आम्ही पाइप नेमाने बघत होतो, पण तो गाडीवर असताना त्याचा साधारण साठ टक्केच भाग दिसतो आणि भोक न दिसणाऱ्या भागात पडलं. पाइप पूर्ण काढून बघा असं बनवणाऱ्यांनीही सांगितलं नव्हतं. ऐकायला हे पटतं. तरी पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी मालकांना जबाबदार धरलं. त्यांचा प्रश्न वेगळा होता. या लॉरीने पाच वर्षांत काय वाहिलं, कुठे चालली, गंज लवकर चढावा असं काही तिच्या वाट्याला आलं होतं का? ते मालकांनाच माहीत असणार आणि त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे जानेवारी १९७७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या मिनू मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जवळपास हेच सांगितलं. यंत्रातल्या बिघाडामुळे अपघात झाला असं म्हणणाऱ्या मालकानेच ते सिद्ध करायचं. आपण योग्य ती सगळी काळजी घेतली आणि तरीही दोष लपून राहिला, हेही त्यानेच दाखवायचं. त्या खटल्यातल्या मालकांनी बिघाड झाला एवढंच लिहिलं होतं. दोष शोधूनही सापडण्यासारखा नव्हता, असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. म्हणजे 'अचानक' म्हणणं पुरत नाही.

त्याच निकालात दुसरी एक बाजू होती आणि ती जखमींच्या विरोधात गेली. चालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळावी, हे उच्च न्यायालयाने मान्य केलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं. संसदेने १९८२ साली कायदा दुरुस्त करून चूक कोणाची हे न पाहता द्यायची एक ठरावीक रक्कम घातली: मृत्यूसाठी १५ हजार, कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार. १९९४च्या दुरुस्तीने ती अनुक्रमे ५० आणि २५ हजार झाली. आमच्या गाडीवानाला पहिल्यांदा जे मिळालं ते हेच २५ हजार, आणि विमा नसल्यामुळे ते आप्पांकडून. बाकीची रक्कम चार वर्षांनी लोकअदालतीत तडजोडीने ठरली. तेवढ्यासाठी आजोबांनी ओढ्याकाठचं वीस गुंठे रान विकलं. जीप त्याआधीच भंगारात गेली होती.

अलीकडे बातमीत 'ब्रेक फेल' आलं की मी पुढच्या आठवड्यातली बातमीही शोधतो. बहुतेक ती आतल्या पानावर असते. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे जिल्ह्यातल्या पळासनेरला कंटेनर हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली, कारण ब्रेक फेल. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने कित्येक वाहनांना धडक दिली, त्या रात्री सगळे ब्रेक फेल म्हणत होते. नंतर पोलिसांनी सांगितलं की उतारावर चालकाने इंजिनच बंद केलं होतं. डिझेल वाचवायला. ९ डिसेंबर २०२४ला कुर्ल्यात बेस्टने भाड्याने घेतलेली विजेवरची बस गर्दीत घुसली, ९ जण गेले. पहिल्या तासात तिथेही ब्रेक फेल होतं. तपासणीत ब्रेक चालू स्थितीत निघाले आणि प्रश्न चालकाला त्या बसचं पुरेसं प्रशिक्षण मिळालं होतं का, इकडे वळला. म्हणजे ब्रेक खरंच जातात तेव्हाही हेच शब्द वापरले जातात आणि जात नाहीत तेव्हाही. या शब्दांमुळे माणूस बाजूला होतो. चालक सुटतो असं नाही, तो बहुतेक वेळा तुरुंगातच असतो. सुटतो तो पाइप बदलायला एक दिवस न देणारा, प्रशिक्षणाचे दिवस कापणारा, हँडब्रेकच्या जागी माणूस बसवणारा. आमच्या बाबतीत हे सगळे एकच होते, आणि त्यातलं थोडंसं काम मी केलं होतं.

गेल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. आप्पा आता साठीला आले आहेत, मुलाच्या किराणा दुकानात बसतात, गाडी चालवत नाहीत. मी माझी गाडी अंगणात उभी करून वाकून मागच्या चाकाकडे बघत होतो. आप्पा ओट्यावरून म्हणाले, "काय बघलालास?"

मी म्हणालो, पाइप. मग इंग्लंडच्या त्या लॉरीची गोष्ट सांगितली, साठ टक्के दिसणाऱ्या आणि चाळीस टक्के न दिसणाऱ्या पाइपाची. ते लक्ष देऊन ऐकत होते. दुसरा कुठला प्रश्न विचारायचा धीर झाला नाही, म्हणून एवढंच विचारलं, "आपला कुठं गळत होता? दिसण्यातला होता का?"

आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी पावशेर गूळ मोजून दिला, पैसे गल्ल्यात टाकले.

"चाकाजवळच्या पट्टीपाशी," ते म्हणाले. "बोट फिरवलं की ओलं लागायचं. रोज बघत होतो मी."

मग त्यांनी विचारलं, तुझ्या गाडीचं ऑइल कधी बदललंस. मला आठवेना.